हा प्रश्न कंपनी विचारणार नाही

मल्टिपल स्क्लेरॉसिस (एमएस) या मज्जासंस्थेच्या आजारावरच्या संशोधनाला पैसा द्या, असं म्हटलं की बहुतेकांना वाटतं, कुठल्यातरी प्रयोगशाळेत नवं औषध शोधण्यासाठी हे मागणं चाललं आहे. मग लगेच पुढचा सवाल येतो: अमेरिका-युरोपातल्या कंपन्या त्यात पाण्यासारखा पैसा ओतताहेत, तिथे आपण काय दिवे लावणार? पण भारतातल्या एमएसच्या रुग्णांची आजची सगळ्यात मोठी नड नव्या औषधाची नाही. आपल्याच देशात बनणारं, त्यातल्या त्यात परवडणारं रिटक्सिमॅब नावाचं एक औषध आपले डॉक्टर रोज वापरत आहेत. ते किती द्यायचं, किती अंतराने द्यायचं, किती वर्षं द्यायचं, हे मात्र बहुतांशी परदेशातल्या अभ्यासांवरून उचललेलं आहे.

इथल्या रुग्णांवर तो अभ्यास करायला पैसा कोण देणार? औषध बनवणारी कंपनी देणार नाही, कारण उत्तर काहीही आलं तरी तिच्या पदरात काही पडत नाही. कमी औषधात भागतं असं निघालं तर तोटाच. स्वीडन किंवा अमेरिका देणार नाही, कारण हे त्यांचे प्रश्न नव्हेत. उरतो आपण: वैद्यकीय संशोधनाची केंद्रीय संस्था आयसीएमआर, नव्याने स्थापन झालेलं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, राज्य सरकारं, आणि बडोद्यासारखी औषधांच्या धंद्यावर वाढलेली शहरं. हा खर्च आपला आहे आणि आपण त्यात हात आखडता घेत आलो आहोत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आजार थोडक्यात सांगतो. मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसा यांतल्या तंतूंवर मायलिन नावाचं आवरण असतं. एमएसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती त्या आवरणावर उलटते. आवरण जिथे झडतं तिथे संदेश अडखळतात; म्हणून कोणाला एका डोळ्याने धूसर दिसतं, कोणाच्या पायातलं बळ जातं, कोणाचा तोल, कोणाचा लघवीवरचा ताबा. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्कोने १८६८ साली या आजाराची ठळक मांडणी केली. जगात आज अंदाजे २९ लाख लोकांना तो आहे. सुरुवात बहुतेक वेळा विशी ते चाळिशीत होते, आणि बायकांमध्ये त्याचं प्रमाण पुरुषांच्या दुप्पट ते तिप्पट आहे. म्हणजे शिक्षण संपलं, नोकरी लागली, मूल लहान आहे, अशा ऐन उमेदीत तो येतो आणि मग तीस-चाळीस वर्षं सोबत राहतो.

माझी मावसबहीण बडोद्याच्या दांडिया बाजारात राहते आणि शाळेत गणित शिकवते. तिचा आजार लक्षात आला तो लाल खडूमुळे. फळ्यावर तिनेच काढलेली लाल रेघ उजव्या डोळ्याने विटलेली दिसायची, डाव्याने लालभडक. डोळ्याची नस सुजली होती. पुढे एमआरआय झाला, पाठीतलं पाणी तपासलं, निदान झालं, आणि तिला रिटक्सिमॅब सुरू झालं. दर सहा महिन्यांनी ती डे-केअरमध्ये जाते. मी काही वेळा तिच्याबरोबर बसलो आहे. सकाळी आधी पॅरासिटामॉलची गोळी, मग अ‍ॅव्हिलचं आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन, मग अर्धा तास नुसतं थांबायचं. त्यानंतर मुख्य औषधाची बाटली पंपावर लावतात आणि थेंबांचा वेग अगदी हळू ठेवतात, कारण पहिल्या तासात अंगावर पित्त उठण्याची, थंडी भरण्याची, घसा आवळल्यासारखा वाटण्याची भीती असते. सिस्टर दर अर्ध्या तासाने बीपी बघते, "गळामां कंई थाय छे, बेन?" असं विचारते आणि सगळं ठीक असलं तर वेग एक पायरी वाढवते. दुपार होते संपायला.

एकदा बहिणीने डॉक्टरांना विचारलं, "सहा महिन्यांऐवजी नऊ महिन्यांनी घेतलं तर?" त्या हिवाळ्यात तिला छातीचा संसर्ग दोनदा झाला होता, आणि खर्चही होताच. डॉक्टर क्षणभर थांबले. म्हणाले, "ताई, तुमच्यासारख्या पेशंटबद्दल मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. स्वीडनमध्ये सहा महिन्यांनी देतात, म्हणून आपण देतो." मला त्या माणसाच्या सरळपणाचं कौतुक वाटलं. पण हे उत्तर शोधण्याचं काम एकट्या डॉक्टरच्या आवाक्यातलं नाही. ते देशाचं काम आहे.

या औषधाचा प्रवास पाहिला की पैशाची वाट कुठे तुटते ते समजतं. रिटक्सिमॅबला अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता मिळाली ती लिम्फोमा या कर्करोगासाठी. रक्तातल्या बी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या एका जातीच्या पेशी, यांच्यावर सीडी२० नावाची खूण असते. हे औषध ती खूण ओळखून त्या पेशी संपवतं. एमएसमध्ये बी-पेशींचा हात असावा, असं कॅलिफोर्नियातले स्टीफन हाउसर मांडत होते. त्या काळात सगळा दोष टी-पेशी या दुसऱ्या जातीच्या पेशींवर टाकला जात असे, आणि हाउसरांचा अनुदानाचा अर्ज सरकारी संस्थेने फेटाळला. ही कल्पना जीवशास्त्राच्या दृष्टीने संभवत नाही, असा शेरा मारून. शेवटी कंपनीच्या मदतीने १०४ रुग्णांवर चाचणी झाली. २००८ मध्ये निकाल छापून आला आणि एमआरआयवर दिसणारे नवे डाग इतके कमी झाले होते की सगळं क्षेत्रच वळलं. हाउसरांना २०२५ चा ब्रेकथ्रू पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी.

पण रिटक्सिमॅब एमएससाठी कधीच रीतसर बाजारात आलं नाही. त्याच्या पेटंटची वर्षं सरत आली होती. कंपनीने पुढच्या मोठ्या चाचण्या त्याच जातीच्या नव्या औषधावर, ऑक्रेलिझुमॅबवर केल्या. २०१७ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि किंमत लागली वर्षाला ६५ हजार डॉलर. कंपनीने काही बेकायदा केलं असं मी म्हणत नाही. ऑक्रेलिझुमॅब चांगलं औषध आहे, आणि एमएसचा जो प्रकार पहिल्यापासून हळूहळू वाढतच जातो त्यावर मान्यता मिळालेलं ते पहिलंच. मुद्दा एवढाच की जुन्या, स्वस्त औषधाची बाजू मांडायला बाजारात कोणी उरलं नाही.

ती बाजू मांडली स्वीडनने, आणि ती करदात्यांच्या पैशातून. तिथल्या डॉक्टरांनी रिटक्सिमॅब आधीच सर्रास वापरायला घेतलं होतं. मग त्यांनी स्वीडिश रिसर्च काउन्सिलच्या निधीतून २०० रुग्णांची चाचणी केली. निम्म्यांना रिटक्सिमॅब, निम्म्यांना मान्यताप्राप्त गोळी डायमिथाइल फ्युमरेट. दोन वर्षांत गोळी घेणाऱ्यांपैकी १६ टक्क्यांना आजाराचा नवा झटका आला, रिटक्सिमॅबवाल्यांपैकी ३ टक्क्यांना. हा निकाल २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत पहिल्यांदाच एमएसची औषधं घेतली: क्लॅड्रिबिन, ग्लॅटिरामर आणि रिटक्सिमॅब. श्रीमंत देशाने का होईना, सार्वजनिक पैशातून एक साधा प्रश्न विचारला आणि त्याच्या उत्तराचा उपयोग जगभरच्या गरिबांना झाला.

आता आपल्याकडे पाहा. रिटक्सिमॅबची जगातली पहिली प्रतिकृती आपल्या देशात, हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ मध्ये बाजारात आणली. आज अनेक भारतीय कंपन्या ते बनवतात. म्हणजे औषध आपलं, रुग्ण आपले, आणि ते कसं द्यायचं याचं ज्ञान मात्र स्टॉकहोमचं. या विसंगतीबद्दल आपल्याला काहीच वाटत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

स्टॉकहोमचं ज्ञान इथे जसंच्या तसं का चालत नाही? पहिलं कारण क्षयरोग. जगातल्या क्षयाच्या नव्या रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे, आणि कितीतरी जणांच्या शरीरात तो निद्रिस्त असतो. हेपटायटिस बी तसाच; बी-पेशी संपल्या की तो डोकं वर काढू शकतो, म्हणून औषध देण्याआधी त्याची तपासणी करतात. वर्षानुवर्षं हे औषध घेतल्यावर रक्तातली संरक्षक प्रथिनं, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, घटू शकतात. स्वीडनमधल्या रुग्णाला त्याचा जेवढा धोका आहे तेवढाच बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या गर्दीच्या बसमधून रोज जाणाऱ्याला आहे का? दुसरं कारण अंगकाठीचं. उंच, धिप्पाड स्वीडिश माणसाला दिलेले ५०० मिलिग्रॅम आणि ४५ किलोच्या आपल्या बाईला दिलेले ५०० मिलिग्रॅम सारखेच काम करतात का, बी-पेशी दोघांत सारख्याच वेळाने परततात का? सीडी१९ नावाच्या रक्ततपासणीने हे मोजता येतं. पेशी परतल्या की पुढचा डोस, नाहीतर थांबायचं, अशी पद्धत काही डॉक्टर आजही आपल्या अंदाजाने वापरतात. मग एका गटाला ठरलेल्या सहा महिन्यांनी, दुसऱ्याला तपासणी बघून, आणि तीन-चार वर्षं दोन्ही गटांतले झटके, एमआरआयवरचे डाग आणि संसर्ग मोजायचे. बस, एवढाच अभ्यास. अंतर वाढवता येतं असं निघालं तर हजारो घरांचा खर्च आणि संसर्गाचा धोका दोन्ही उतरतील. येत नाही असं निघालं, तरी डॉक्टर खात्रीने "नाही" म्हणू शकतील. आज तेही म्हणता येत नाही.

विम्याची अडचण यातूनच निर्माण होते. औषधाच्या मान्य उपयोगांच्या यादीत एमएस नाही, म्हणून दावा अडतो. यादीत नाव घालायचं तर कोणीतरी अर्ज करायला हवा, त्यासाठी पुरावा हवा, आणि दहा कंपन्या तेच औषध विकत असताना बाकी नऊ जणींच्या फायद्यासाठी एकीने एवढा खर्च का करावा? बाजार इथे थांबतो. तिथून पुढे सरकारी पैशाचं काम सुरू व्हायला हवं.

याला एक जोरदार आक्षेप आहे आणि तो मनापासून घेतला जातो, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. क्षय, कुपोषण, बाळंतपणातले मृत्यू एवढे असताना, मूठभरांच्या आजारावर सरकारने का खर्च करावा? मूठभर म्हणजे किती, ते आधी पाहू. मंगळूर शहरात डॉ. लेखा पंडित आणि सहकाऱ्यांनी केलेल्या पाहणीत एमएसचं प्रमाण लाखामागे ८ च्या थोडं वर आलं. हाच दर देशाला लावला तर आकडा एक लाखाच्या पुढे जातो. आणि हे निदान झालेलेच. जिथे मेंदूविकारतज्ज्ञ नाही, एमआरआय नाही, तिथला रुग्ण "अशक्तपणा" किंवा "लकवा" म्हणून घरी पडून राहतो. पण समजा आकडा लहानच आहे. तरी मी सुचवतो आहे तो अभ्यास एका आजारापुरता नाही. हेच औषध संधिवातात, काही मूत्रपिंडाच्या आजारांत, पेम्फिगससारख्या त्वचारोगात, मायस्थेनिया या स्नायू दुबळे करणाऱ्या आजारात दिलं जातं. रिटक्सिमॅब घेणाऱ्या भारतीय माणसाला क्षय होण्याचा धोका किती, हे कळलं तर त्या सगळ्यांना कळेल. क्षयावरचा खर्च कापून एमएसला द्या असं कोणी म्हणत नाही. आपला देश संशोधन आणि विकासावर एकूण उत्पन्नाच्या ०.६४ टक्केच खर्च करतो. भाकरीच एवढीशी थापायची आणि मग तुकड्यावरून आजारी माणसांनी आपापसांत भांडायचं, हे मला मान्य नाही.

दुसरा सल्ला असा मिळतो की रुग्णांच्या कुटुंबांनीच संघटना करून पैसा उभा करावा, अमेरिकेत तसंच झालं ना? झालं खरं. सिल्व्हिया लॉरी या तरुणीने आपल्या भावाच्या आजारासाठी १९४५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये छोटी जाहिरात दिली, या आजारातून बरं झालेलं कोणी असेल तर कळवा म्हणून. उत्तरं आली ती तिच्यासारख्याच हवालदिल लोकांची. त्यांना घेऊन तिने १९४६ मध्ये संस्था काढली आणि त्या संस्थेने पुढे संशोधनावर एक अब्ज डॉलरहून अधिक खर्च केला. पण लॉरी तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्या वॉशिंग्टनला गेल्या, खासदारांच्या मागे लागल्या, आणि १९५० मध्ये मेंदूच्या आजारांसाठी सरकारी संशोधन संस्था उभी राहण्यात त्यांचा मोठा वाटा होता. सरकारचा पैसा वळवणं हे त्यांनी स्वतःचं मुख्य काम मानलं. आपल्याकडे मुंबईत १९८५ पासून मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया आहे. आपल्या देशात अशा संस्थेकडे येणारा माणूस फिजिओथेरपी, औषध, चाकाची खुर्ची मागत येतो. त्याला परत पाठवून चाचण्यांवर पैसे लावा, असं तिला कोणत्या तोंडाने सांगणार?

आणखी एक प्रश्न आहे, तो तर शुद्ध आपला. एप्रिल संपता संपता बहीण खंडेराव मार्केटातून भाजी घेऊन चालत निघाली होती. दुपारचे साडेबारा. शंभर पावलांत तिला समोरच्या पाट्या वाचता येईनात, मग पाय जड झाले. तिला वाटलं, झटका आला. एका किराणा दुकानदाराने पंख्याखाली बसवलं, माठातलं पाणी दिलं, तिने ओढणी भिजवून मानेवर ठेवली. अर्ध्या तासात पाट्या पुन्हा स्पष्ट दिसायला लागल्या. याला उठॉफची लक्षणं म्हणतात. विल्हेल्म उठॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्ये ती टिपली. आवरण झडलेल्या तंतूतून जाणारा संदेश शरीर थोडंसं तापलं तरी अडतो. अर्धा अंशदेखील पुरतो. एमआरआय नव्हता त्या काळात संशयित रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं वाढतात का हे पाहत आणि त्यावरून निदान करत.

थंड देशांत हे पाहायला टब लागायचा. बडोद्यात मे महिन्यात अख्खं शहरच तापतं, पारा ४२-४३ वर जातो. मग इथल्या रुग्णाने कितीला घराबाहेर पडू नये? ओला पंचा, माठाचं पाणी, कूलर, बर्फाच्या पिशव्यांचं जाकीट, यांतलं कशाने किती वेळ आराम पडतो? कारखान्यात उभ्याने काम करणाऱ्याला मालकाने काय सोय द्यावी? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मल्टिपल स्क्लेरॉसिसचं नाव घेऊन त्याला २१ प्रकारांत स्थान दिलं आहे. म्हणजे सोय मागण्याचा हक्क आहे, पण नेमकी कोणती सोय मागावी हे सांगणारा अभ्यास हाती नाही. हा अभ्यास महागही नाही. थर्मामीटर, दृष्टी तपासायचा तक्ता, चालण्याची वेळ मोजणारं घड्याळ, दोन-चार उन्हाळे आणि एक चिकाटीचा संशोधक. थंड देशांना याची घाई असायचं कारण नाही. आपल्याला आहे.

पैशाचं दुसरं मोठं काम म्हणजे साठवण. यात काहीच झळकण्यासारखं नसतं, म्हणून त्याला कोणी पैसे देत नाही. जानेवारी २०२२ मध्ये हार्वर्डच्या अल्बेर्तो अ‍ॅशेरियो यांच्या गटाने दाखवून दिलं की एपस्टाइन-बार विषाणूची लागण झाल्यावर एमएसचा धोका ३२ पटींनी वाढतो. हे त्यांना कसं कळलं? अमेरिकेत सैनिकांची ठरावीक काळाने एचआयव्हीची तपासणी होते आणि उरलेलं रक्तद्रव गोठवून ठेवतात. वीस वर्षांतल्या एक कोटी सैनिकांपैकी ९५५ जणांना पुढे एमएस झाला. त्यांच्या आजाराच्या कितीतरी वर्षं आधीचं रक्त फ्रीझरमध्ये तयार होतं. ज्याने ते साठवायला मंजुरी दिली त्याच्या डोक्यात एमएस नव्हताच. मोठ्या माणसांपैकी ९५ टक्क्यांच्या अंगात हा विषाणू असतो. मग थोड्यांनाच एमएस का होतो हा प्रश्न अजून उघडा आहे, आणि लहानपणीच ज्यांना ही लागण होते अशा देशात त्याचं उत्तर वेगळं असू शकतं. आपल्याकडे हे काम करण्याची पात्रता नाही असंही नाही. इंदूरच्या आयआयटीत याच विषाणूचा मेंदूतल्या पेशींवर काय परिणाम होतो हे रामन सूक्ष्मदर्शीने पाहिलं गेलं, आणि ते यंत्र केंद्र सरकारच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाच्या योजनेतून आलेलं होतं.

२०२१ मध्ये आयसीएमआरच्या पैशातून आणि दिल्लीच्या एम्सच्या पुढाकाराने एमएसची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली, ही खरोखर आनंदाची गोष्ट आहे. तिची किंमत तिच्या वयाबरोबर वाढणार आहे. पाच वर्षांची नोंदवही थोडं सांगते, वीस वर्षांची खूप. आपल्याकडे प्रकल्प तीन वर्षांचे असतात. मुदत संपली की माहिती भरणाऱ्याचं कंत्राट संपतं आणि नोंदी तिथेच थिजतात. या नोंदवहीच्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नसेल तर तिला प्रकल्पाच्या खात्यातून काढून कायमच्या खर्चात टाकायला हवं.

नोंदी का हव्यात, याचं उदाहरण आपल्या शेजारीच आहे. मुंबई आणि पुण्यातल्या पारशी समाजात एमएसचं प्रमाण लाखामागे २१ आणि २६ इतकं आढळलं, असं भरुचा, वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ आणि १९९० मध्ये लिहून ठेवलं. मंगळूरच्या तुलनेत अडीच-तीन पट. इथल्याच हवेत, इथल्याच उन्हात राहणाऱ्या एका समाजात असं का, हा प्रश्न जगातल्या कुठल्याही संशोधकाला हेवा वाटावा असा आहे. पारशांचं जुनं ठाणं असलेली नवसारी तर बडोद्याच्या गायकवाडांच्या राज्याचा एक प्रांत होती. २०११ च्या जनगणनेत देशभर ५७,२६४ पारशी उरले होते. हा अभ्यास उद्यावर टाकता येण्यासारखा नाही.

आता बडोद्याकडे वळतो, कारण सगळं दिल्लीवर ढकलून आपण मोकळे होऊ शकत नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं आणि त्रिभुवनदास गज्जर यांना प्रमुख केलं. रंग, रसायनं, यंत्रं शिकवणाऱ्या शाळेवर राज्याच्या तिजोरीतून खर्च झाला, तेव्हा त्यातून काय निघणार हे कोणी लिहून दिलं नव्हतं. सतरा वर्षांनी, १९०७ मध्ये, गज्जर आणि त्यांचे विद्यार्थी कोटीभास्कर आणि अमीन यांनी अलेम्बिक सुरू केली. पुढे साराभाई केमिकल्स आली, मग आणखी औषध कंपन्या आणि त्यांच्या संशोधन शाखा आल्या. या शहरातल्या किती घरांच्या चुली औषधांच्या पगारावर पेटल्या याची मोजदाद नाही. आमच्या नात्यातच कोणी पॅकिंगला होतं, कोणी क्वालिटी कंट्रोलला. सार्वजनिक पैशाने विज्ञानाला दिलेला हात किती लांबवर पोचतो हे बडोदेकरांना दुसऱ्या कोणी सांगायची गरज नाही.

त्या कंपन्यांकडून मागण्यासारखी एक रास्त गोष्ट आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांनी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात. त्याच्या सातव्या परिशिष्टात सार्वजनिक विद्यापीठं आणि आयसीएमआरसारख्या संस्थांच्या संशोधनाला दिलेला पैसाही धरला जातो. महाराजा सयाजीराव विद्यापीठ सार्वजनिक आहे, मेडिकल कॉलेज त्याच विद्यापीठाचं, बायोकेमिस्ट्री आणि संख्याशास्त्राचे विभागही तिथेच. शाळेला बाकं, बागेत कारंजं, रुग्णालयाला पाण्याचे कूलर, हे सगळं द्यावं. त्यातला काही हिस्सा दहा वर्षांच्या वचनाने एमएसच्या अभ्यासाला द्यावा, एवढंच मागणं आहे.

दहा वर्षं म्हटलं की लोक दचकतात. याच गावातल्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटने वाल्मीकी रामायणाची चिकित्सित आवृत्ती तयार केली. १९५१ मध्ये काम हाती घेतलं, शेवटचा खंड १९७५ मध्ये आला. देशभरातून हस्तलिखितं गोळा करून पाठभेद जुळवणारी माणसं चोवीस वर्षं पगारावर राहिली. तेव्हा हे शहर आजच्यापेक्षा श्रीमंत नव्हतं.

आपल्या मराठी मंडळींनाही सांगणं आहे. आपल्यातले अनेकजण मंडळांना, गणपतीला, शिष्यवृत्त्यांना सढळ हाताने देतात, आणि ते देणं मी मोलाचं मानतो. आई-वडिलांच्या नावाने ठेव ठेवताना तिच्या व्याजातून एका संशोधक विद्यार्थ्याचा प्रवासखर्च किंवा वर्षभराच्या रक्ततपासण्या निघू शकतात, हे मात्र कोणी सुचवत नाही. सुचवायला हवं.

पैशाला अटीही हव्यात, आणि त्या मी कडक ठेवीन. देणाऱ्या कंपनीला अभ्यासाचा आराखडा ठरवण्याचा किंवा निकाल थांबवण्याचा अधिकार नसावा, मग औषध तिचं असो वा दुसऱ्याचं. चाचणीची नोंद आधीच भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत व्हावी. २००९ पासून ती सक्तीची आहेच. निकाल मनासारखा आला नाही तरी छापावा. देखरेखीच्या समितीत एमएस असलेली निदान दोन माणसं असावीत, आणि त्यांच्या बैठका उन्हाळ्यात दुपारी ठेवू नयेत. रुग्णाला समजेल अशा गुजराती आणि मराठी कागदावर संमती घ्यावी, आणि त्याला इजा झाली तर भरपाई कोण देणार हे त्याच कागदावर लिहिलेलं असावं. २०१९ च्या नव्या नियमांनी बाजारात असलेल्या औषधाच्या नव्या उपयोगावर शैक्षणिक चाचणी करायची वाट सोपी केली आहे. नीतिसमितीची मंजुरी आणि ठरलेल्या अटी पाळल्या की डॉक्टरांना कंपनीच्या दारात जावं लागत नाही. दार उघडं आहे, आत जायला पैसा नाही.

पहिल्या वर्षाला लागणाऱ्या गोष्टींची यादी फार लांब नाही. उणे ८० अंशांचा एक फ्रीझर आणि त्याला जनरेटर. फोन करून रुग्णांची ख्यालीखुशाली विचारणारी, गुजराती-मराठी-हिंदी बोलणारी एक पूर्णवेळ नर्स. अर्धवेळ संख्याशास्त्रज्ञ. सीडी१९ आणि इम्युनोग्लोब्युलिनच्या तपासण्यांचा खर्च, वर्षातून एकदा एमआरआय, आणि गोध्रा, भरूच, छोटा उदेपूरहून येणाऱ्यांचं बसभाडं. कंपन्यांच्या समित्या मार्चअखेरीस पुढच्या वर्षाची यादी पक्की करतात. त्याआधी, म्हणजे दिवाळी ते संक्रांत या काळात, विद्यापीठ, मेडिकल कॉलेज आणि शहरातले मेंदूविकारतज्ज्ञ यांनी एकत्र बसून चार पानांचा प्रस्ताव लिहावा आणि त्यावर इथल्या रुग्णांच्या सह्या घ्याव्यात. सह्या गोळा करायला मी दारोदार जाईन.